शिकवणी दोन खोल्यांची, जाहिरात भंवरकुआंची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की आपल्या अंकाची घडी उलगडताना आतून दोन-तीन गुळगुळीत रंगीत पत्रके खाली पडतात. एक गणित-विज्ञानाचे, एक अकाउंट्सचे, एखादे इंग्रजी संभाषणाचे. शिकवण्या असतात इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, वैशाली नगर अशा भागांतल्या दोन खोल्यांच्या. भाषा मात्र भंवरकुआं चौकातल्या चार मजली कोचिंगची. ‘शहरात क्रमांक १’, ‘शंभर टक्के निकाल’, ‘मोजक्याच जागा शिल्लक’. हल्ली तेच पत्रक फोटो काढून इन्स्टाग्राम-फेसबुकवर चढते, त्यावर पाच हजारांचे ‘बूस्ट’ मारले जाते, म्हणजे पैसे देऊन ते जास्त लोकांना दाखवले जाते, आणि महिन्याने सर कपाळाला हात लावतात की सोशल मीडियाचा काडीचा उपयोग नाही. आम्ही दोघे अशाच लहान शिकवण्यांचे हे काम पाहतो. पैसा नेमका कुठे गळतो आणि कमी खर्चात काय करता येते, हे तपशिलाने लिहावे म्हणून हे लांबलेले पत्र. शेवटी आपल्याकडेही एक मागणे आहे.

खांबावर कागद चिकटवायचे दिवस तसेही गेले. १९९४ च्या मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण कायद्याने त्याला हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात त्याचे कुणी कौतुकही करणार नाही. म्हणजे उरला मोबाइल. पण मोबाइलवर जायचे ते कुणासाठी, हे आधी ठरले पाहिजे. नववी-दहावीची मुलगी संध्याकाळी सात वाजता सायकलवर रिंग रोड ओलांडून शिकवणीला जात नाही. जायला निघाली तरी आई पाठवत नाही. लहान शिकवणीचा बाजार फार तर तीन किलोमीटरचा आणि ठरवणारे असतात आईवडील. भोपाळ, पाटणा, जयपूरच्या दहा हजार अनोळखी पोरांनी रील पाहिली, यात शिकवणीचा एक रुपयाही नाही.

म्हणून पहिले काम इन्स्टाग्रामचे नव्हे, गूगल मॅपचे. ते फुकट आहे आणि नेमके तेच लोक टाळतात. पालक मोबाइलवर ‘मैथ्स ट्यूशन नियर मी’ असे काहीतरी टाकतो. ‘शिकवणी’ हा शब्द आपल्या मराठी घरांतलेही कुणी शोधपट्टीत टाइप करत नाही. तेव्हा गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधल्या, म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या आपल्या नोंदीतल्या, वर्णनात कोचिंग, ट्यूशन, इयत्ता, विषय, बोर्ड, कॉलनी हे शब्द साध्या वाक्यांत आले पाहिजेत. नाव मात्र दारावरच्या पाटीवर आहे तेवढेच द्यावे. नावातच ‘बेस्ट मैथ्स कोचिंग इन इंदौर’ कोंबले की ते गूगलच्या नियमाबाहेर जाते आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकते. ऐन जूनमध्ये ते झाले तर परत उभे करण्यात हंगाम जातो. प्रकार निवडताना ‘कोचिंग सेंटर’ किंवा ‘ट्युटरिंग सर्व्हिस’ घ्यावा, नुसते ‘स्कूल’ नको.

प्रोफाइलच्या पडताळणीला गूगल आता बहुधा व्हिडिओ मागते. तो एकसलग हवा: रस्ता आणि शेजारचे ओळखीचे दुकान, मग पाटी, मग स्वतः कुलूप उघडून आत शिरणे, फळा आणि बाके. थेट खोलीतूनच चित्रण सुरू केले की रस्ता नाही, पाटी नाही, म्हणून ते नाकारले जाते. नकाशावरची पिन बोटाने ओढून आपल्याच दारावर आणावी. कॉलन्यांत ती हमखास मागच्या गल्लीत पडते आणि डेमोला आलेली आई दोन फेऱ्या मारून घरी परत जाते. वेळ खरी लिहावी. शिकवणी चार ते नऊ असताना ‘सकाळी दहा ते सहा’ असे पडून राहिले, तर संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे लोक शोधतात त्याच वेळी, समोर ‘बंद आहे’ दिसते.

परीक्षणे, म्हणजे ते तारे, मागावेत जरूर. सहामाहीचे गुण हातात आले त्या आठवड्यात, पालक समाधानाने बोलत असताना, दुवा पाठवून. रोज एखाद-दुसरे आले तर उत्तम. एकाच दिवशी तीस जणांकडून लिहून घेतली तर गूगलला संशय येतो आणि ती गाळली जाऊ शकतात. ‘पाच तारे द्या, फीमध्ये शंभर रुपये सूट घ्या’ हे नियमाविरुद्धच आहे. वाईट परीक्षण आले तर उत्तर दोन ओळींचे असावे आणि त्यात मुलाचे गुण, हजेरी, थकलेली फी यांतले काहीही नसावे. रागाच्या भरात सर लिहून बसतात, ‘आपला मुलगा महिन्यात नऊ दिवस आला’. ते वाचणारा पुढचा पालक मुलाला दोष देत नाही, आपल्याही घरचे असेच चव्हाट्यावर येईल असे समजतो.

दुसरे व्हॉट्सॲप. खरे तर सगळा धंदा इथेच होतो. व्हॉट्सॲप बिझनेस वेगळ्या नंबरावर घ्यावे आणि ते सिम मालकाच्या नावाचे असावे. काउंटरवर बसणाऱ्या पोराच्या सिमवर खाते उघडलेले असते; तो नोकरी सोडतो आणि तीन वर्षांच्या चौकशा त्याच्याबरोबर चालत्या होतात. टू-स्टेप पिन लावावा. त्या सिमला रिचार्ज चालू ठेवावा, हेही सांगावे लागते.

त्यात ‘क्विक रिप्लाय’ नावाची सोय आहे. तिरकी रेघ देऊन एखादा छोटा शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर येते. पहिले उत्तर साधारण असे असावे: ‘नमस्कार. नववी-दहावी गणित व विज्ञान, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ५ ते ६.३०. एका बॅचमध्ये जास्तीत जास्त १८ मुले. एका विषयाची फी महिना १,२०० रुपये, दोन्हींची २,०००. नकाशा खाली आहे. मूल कितवीत आणि बोर्ड कोणते एवढे कळवा, या आठवड्यातला डेमोचा दिवस सांगतो. हा नंबर सेव्ह करून ठेवा.’ हेच हिंदीतही तयार ठेवावे, कारण विचारणारे निम्म्याहून अधिक हिंदी घरांतले असणार. फीचा आकडा लिहायला शिकवणीवाले फार कचरतात. ‘फी प्रत्यक्ष भेटीत सांगू’ असे लिहिले की पालकाला वाटते, तोंड पाहून आकडा ठरणार. तो दुसरीकडे विचारतो. ज्याला फी झेपणार नाही तो डेमोला न आलेलाच बरा, त्याचाही वेळ वाचतो.

त्या उत्तराचे शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. बाकीच्यांपुढे एकच टिक राहते. स्टेटसचेही तसेच. दोनशे नंबरांना ‘बॅच सुरू’ पाठवून एकही उत्तर आले नाही म्हणून लोक वैतागतात, आणि संदेश पोचलेलाच नसतो. याहून वाईट म्हणजे शाळेच्या कुण्या कारकुनाकडून आणलेली पाचशे पालकांची यादी. अनोळखी नंबरावरून ढिगाने संदेश गेले, दहा-वीस जणांनी ब्लॉक-रिपोर्ट केले, की खाते बंद. शिवाय त्या याद्या मुळात कुणाच्या परवानगीने आल्या? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण ‘मूल’ आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. असल्या याद्यांच्या वाटेलाच जाऊ नये.

चौकशांना लेबले लावावीत: नवी, डेमो ठरला, डेमो झाला, प्रवेश, पुढच्या सत्रात. रोज रात्री दहा मिनिटे ही लेबले पाहावीत. चौकशी येते ती जेवणे उरकल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, आणि सर तेव्हा थकून झोपलेले असतात. त्या वेळेसाठी ‘अवे मेसेज’ लावावा आणि त्यात उद्या किती वाजता उत्तर देऊ ते लिहावे. लिहिले की त्या वेळी द्यावेच. आठवण करायची ती डेमोच्या आदल्या दिवशी, डेमोनंतर तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी. त्यानंतर थांबावे. चौथ्या ‘सर, काय ठरलं?’ने कुणी प्रवेश घेत नाही.

चालू मुलांच्या पालकांचा एक मोठा ग्रुप करण्याची पद्धत आहे, तीही मोडावी. ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर बाकी साठ घरांना दिसतो. सूचना ब्रॉडकास्टने द्याव्यात, गृहपाठासाठी बॅचचा ग्रुप ठेवावा आणि त्यात संदेश टाकण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला द्यावा. कॉलनीच्या ग्रुपवर आणि महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर जाहिरात टाकायची असेल तर आधी ॲडमिनला विचारून, हंगामात एकदाच.

आता रील. गुढीपाडव्याच्या शुभेच्छांत गुढीपेक्षा सरांचा फोटो मोठा, रोज सकाळी एक सुविचार, रविवारी ‘यशाची पाच सूत्रे’ हे सगळे बंद केले तरी काही बिघडणार नाही. पालकाला एकच पाहायचे असते: हा माणूस शिकवतो कसा. ते चाळीस सेकंदांत दाखवता येते, पण त्यासाठी एक चूक निवडावी लागते. एक अख्खा धडा तेवढ्या वेळात मावत नाही.

गणिताचे उदाहरण घ्या. फळ्यावर आधीच लिहून ठेवायचे: उणे ३ चा वर्ग, एकदा कंसात आणि एकदा कंसाविना. पहिले वाक्य: ‘या दोन ओळींचे उत्तर एकच लिहिले तर एक गुण गेला.’ मग दाखवायचे की कंस असेल तर उणे चिन्हही दोनदा गुणले जाते, उत्तर अधिक ९; कंस नसेल तर वर्ग फक्त ३ चा आणि उणे बाहेरच राहते, उत्तर उणे ९. शेवटी एक प्रश्न फळ्यावर सोडून द्यायचा, उत्तर कॉमेंटमध्ये. झाले. नमस्कार-चमत्कार, स्वतःचे नाव, क्लासचा लोगो फिरत फिरत येणे, यात पहिले पाच सेकंद घालवले की बघणारा अंगठ्याने पुढे निघून जातो.

अकाउंट्सवाल्यांकडे तर खजिना आहे. अकरावीच्या पोराची तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नाही. फरक येतो १८०. सर विचारतात, फरकाला ९ ने भाग जातो का? जातो, वीस वेळा. मग एखाद्या रकमेत शेजारचे दोन अंक उलटे पडले का ते शोध. सापडते: ४,५३० च्या जागी ४,३५० उतरवलेले. अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. प्रामाणिकपणे हेही सांगावे की फरकाला ९ ने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असे नसते. ४५० चे ४५ लिहिले गेले, म्हणजे रक्कम एक घर सरकली, तरी फरक ४०५ आणि त्यालाही ९ ने भाग जातो. अशी रील मुलगा आईला दाखवतो, आई शेजारणीला पाठवते. लाइकपेक्षा ‘किती जणांनी पुढे पाठवली’ आणि ‘किती जणांनी साठवली’ हे दोन आकडे पाहावेत.

चित्रीकरणात बिघडते ते नेहमी त्याच तीन ठिकाणी. एक, पंखा. कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते. चाळीस सेकंद पंखा बंद ठेवावा, मे महिन्यातसुद्धा. मोबाइल सहा फुटांवर ठेवून त्याच्याच माइकवर बोलले की रिकाम्या खोलीचा घुमारा येतो, म्हणून वायरच्या साध्या इअरफोनचा माइक कॉलरला लावावा. दोन, पांढऱ्या फळ्यावर ट्यूबलाइटची चकाकी, नेमकी उत्तराच्या ओळीवर. फळ्यावरची ट्यूब बंद करून बाजूच्या खिडकीचा उजेड घ्यावा, मोबाइल जरा तिरका ठेवावा. तीन, जागा. रील उभी असते, १०८० बाय १९२०. खालच्या भागावर मजकूर येतो आणि उजव्या कडेला बटणे. त्यामुळे फळ्याच्या मधल्या पट्ट्यातच, दोन इंच उंचीच्या अक्षरांत, काळ्या मार्करने लिहावे. लाल मार्कर मोबाइलवर फिका दिसतो. गाण्याच्या भानगडीत पडू नये: बिझनेस खात्याला सिनेमाची बहुतेक गाणी मिळत नाहीत आणि बाहेरून जोडले तर आवाज बंद होऊ शकतो. शिकवणाऱ्याचा आवाज पुरे. आठवड्याला दोन रील्स, त्याही रविवारी सकाळी एका बैठकीत चार करून ठेवलेल्या. रोज एक करण्याचा संकल्प तिसऱ्या आठवड्यात मोडतो आणि सोबत पेजही ओस पडते.

भाषा हिंदीच ठेवावी, कारण मुले त्याच माध्यमात किंवा इंग्रजीत शिकतात. मराठी घरांना व्हॉट्सॲपवर मराठीत लिहावे. इंदुरात मराठी बोलणारे सर मिळाले याचा आजीला जो आनंद होतो, तो कुठल्याही जाहिरातीने विकत मिळत नाही.

पैसे देऊन जाहिरात करायची ती यानंतर, आणि ‘बूस्ट’ बटणाने नव्हे. ते बटण सोपे आहे म्हणूनच महाग पडते. न बघता दाबले की बहुधा लाइक किंवा प्रोफाइल-भेटी विकत घेतो, चौकशा नाही. मेटाच्या, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या मालक कंपनीच्या, ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन व्हॉट्सॲपवर संदेश येतील असा प्रकार निवडावा. ठिकाण म्हणून ‘इंदूर’ देऊ नये. आपल्या दारावर पिन टाकून तीन किलोमीटरचा घेरा घ्यावा. सुदामा नगरची शिकवणी असेल तर त्यात अन्नपूर्णा, द्वारकापुरी, फूटी कोठी येतात, तेवढे पुष्कळ. वय ३५ ते ५०. मुलांना लक्ष्य करण्यात अर्थ नाही. अठराखालच्यांसाठी मेटा वय आणि ठिकाण याखेरीज काही निवडू देत नाही, आणि फी मुलगा भरत नसतो. ‘ॲडव्हांटेज प्लस ऑडियन्स’ (जाहिरात कुणाला दाखवायची ते मेटानेच ठरवण्याची सोय) आपोआप चालू असते; ते तसेच राहिले तर आपण दिलेली वयाची वरची मर्यादा नुसती सूचना धरली जाते, म्हणून ते बदलून घ्यावे.

लीड फॉर्मचा, म्हणजे जाहिरातीतच भरायच्या चौकशीच्या फॉर्मचा, मोह आवरावा. त्यात नाव-नंबर आपोआप भरलेला येतो, माणूस फक्त ‘सबमिट’ दाबतो आणि दुसऱ्या दिवशी फोन केला तर ‘कौन? हमने तो कुछ नहीं भरा’. फॉर्म वापरायचाच तर ‘मूल कोणत्या इयत्तेत, कोणत्या शाळेत’ असा हाताने लिहावा लागणारा एक प्रश्न घालावा. संख्या घटते, पण उरतात ती खरी माणसे.

हिशेब असा मांडावा. समजा रोज २०० रुपये, १५ दिवस: ३,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. हे ५४० बहुतेक जण धरतच नाहीत. चौकशा ३० आल्या तर एक ११८ रुपयांना पडली. त्यातले ८ डेमोला आले, ३ जणांनी प्रवेश घेतला, तर एक प्रवेश १,१८० रुपयांना. महिना १,२०० फी असेल तर पहिल्या महिन्याची फी जाहिरातीला गेली. मूल दहा महिने टिकले तर सौदा चांगला. दुसऱ्या महिन्यात गळले तर दोष जाहिरातीचा नव्हे, वर्गाचा. आणि ३० चौकशांतून डेमोला दोघेच आले असतील तर जाहिरात बदलू नका, रात्रीची उत्तरे वाचा. शंभरातली नव्वद गळती तिथे असते असे आमचे मत, मोजमाप नाही.

२०० रुपयांचे तीन जाहिरातींत तुकडे करू नयेत आणि रोज सकाळी उठून त्यात बदल करू नयेत. मेटाची यंत्रणा जाहिरातींच्या एका संचाला आठवड्यात पन्नासेक निकाल (इथे चौकशा) मिळाले की स्थिरावते. एवढ्या कमी पैशांत ते कठीणच, त्यात रोज ढवळले की यंत्रणेचे शिकणे पुन्हा पहिल्यापासून. निदान सात दिवस हात लावू नये. दिवस निवडावेत ते शाळांच्या वेळापत्रकाने: एप्रिलचे पहिले दोन आठवडे, निकालांनंतरचे दहा दिवस, शाळा पुन्हा उघडतानाचा जून, आणि सहामाहीचे पेपर घरी आल्यावरचा आठवडा. मे महिना बराचसा फुकट जातो, सगळे गावाला.

नोंदवहीत ‘कुठून कळले’ हा रकाना हवाच. तिथे ‘इन्स्टा’ लिहिलेले असेल तरी एकदा जास्त विचारावे. पुष्कळदा उत्तर येते, ‘शेजारच्यांचा मुलगा येतो तुमच्याकडे, मग इन्स्टावर पाहिलं’. श्रेय कुणाला द्यायचे ते मग ज्याचे त्याने ठरवावे.

पेज कुणाच्या नावावर आहे हे आजच्या आज तपासावे. एजन्सीवाले बरेचदा पेज, जाहिरात खाते आणि गूगल प्रोफाइल स्वतःच्या आयडीवर उघडतात. वाद झाला की ‘आधी बाकी भरा’. पेजचा पूर्ण ताबा शिकवणीच्या मालकाकडे, एजन्सीला फक्त कामापुरता प्रवेश, पैसे मालकाच्या खात्यातून थेट मेटाला आणि एजन्सीची मजुरी वेगळी, असेच असावे. ‘महिन्यात पाच हजार फॉलोअर’ देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. मेलेल्या खात्यांचे फॉलोअर आले की पुढची रील आधी त्यांनाच दाखवली जाते आणि तिथेच विझते. ‘कॉपीराइट भंगामुळे आपले पेज २४ तासांत बंद होईल, इथे लॉगिन करा’ असा मेटाच्या नावाचा संदेश इनबॉक्समध्ये येतो, तो चोरांचा असतो.

आता निकालाचे फलक, ज्यासाठी मुख्यतः आपल्याला लिहीत आहोत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात घेतलेली सही चालत नाही. विद्यार्थ्याने कोणता कोर्स, किती काळ, पैसे भरून की फुकट केला, हे जाहिरातीत सांगायचे. तळटीप दाव्याच्याच आकाराच्या अक्षरात. खोटी घाई लावायची नाही, निवडीची हमी द्यायची नाही; म्हणजे ‘मोजक्याच जागा’ आणि ‘शंभर टक्के’ दोन्ही गेले. ही तत्त्वे पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांना लागू आहेत, तेव्हा चाळीस मुलांचे सर म्हणतील, आम्ही सुटलो. सुटत नाहीत. फसवी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीही येते आणि तिथे दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत आहे.

संमतीचा कागद अर्ध्या पानाचा होतो: ‘माझा पाल्य सन … मध्ये आपल्याकडे … हा विषय … महिने, … रुपये फी भरून शिकला. निकाल … रोजी लागला. त्याचे नाव, गुण व छायाचित्र आपल्या फलकावर, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामवर एक वर्षापर्यंत वापरण्यास माझी संमती आहे. मी सांगेन तेव्हा ते काढून टाकावे.’ खाली पालकाची सही, तारीख, आणि मूल जाणते असेल तर त्याचीही. मुलीचा फोटो, शाळेचा गणवेश, कॉलनीचे नाव आणि शिकवणीची वेळ हे सगळे एकाच फलकावर आले की ती कुठे, किती वाजता सापडेल ते शहराला कळते. तेवढे तरी टाळावे. फोटो नसेल तर काही अडत नाही. ‘मागच्या वर्षी दहावीला २२ मुले बसली, १४ जणांना गणितात ७५ हून अधिक, दोघे नापास’ अशी ओळ, खरी असेल तर, तीन हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा पालकाला जास्त सांगते. नापासांचा आकडा लिहायचे धाडस करणारे सर अजून आम्हाला दिसायचे आहेत.

संपादक महोदय, ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम २१ मध्ये फसवी जाहिरात छापणाऱ्यावरही दंडाची तरतूद आहे. नेहमीच्या व्यवसायात छापली एवढा बचाव मिळतो, पण तो वकिलांचा विषय. आमचे मागणे साधे आहे. शिकवणीची निकालाची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने फोटोंबरोबर त्या संमतीपत्रांच्या प्रती मागाव्यात. अंकात घालून वाटल्या जाणाऱ्या पत्रकांसाठी आपल्या विक्रेत्यांनाही तेच कळवावे. येत्या निकालांपासूनच करता आले तर बरे.

आपले,
लहान शिकवण्यांच्या जाहिरातींचे काम पाहणारे दोघे वाचक, इंदूर